नुकतेच पाहिलेले मराठी सिनेमे: कसे वाटले, कोणाला सुचवाल?

मध्यंतर
'स्थळ' एकदाचा पाहून झाला. मार्च 2025 मध्ये आला तेव्हा आमच्याकडे सकाळी अकराचा एकच खेळ होता, आणि रजा टाकून जाईपर्यंत तोही उतरला.

जयंत सोमलकरांचा हा पहिला चित्रपट. 2023 मध्ये टोरांटोच्या महोत्सवात त्याला आशियाई सिनेमासाठीचा नेटपॅक पुरस्कार मिळाला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या खेड्यातली सविता. कॉलेजात शिकतेय, स्पर्धा परीक्षेचं मनात आहे, आणि घरी तिला बघायला पाहुणे येतायत. सुरुवातीलाच एक उलटा प्रसंग आहे: बायकांचा घोळका ऐसपैस बसलाय आणि मुलगा खाली मान घालून त्यांच्या प्रश्नांना उत्तरं देतोय. थिएटरात हशा पिकला असेल, मीही घरी हसलो. मग खरे पाहुणे येतात. तेच पोहे, तोच चहा, तेच प्रश्न. नाव, शिक्षण, उंची, शेतातलं काम येतं का. तिसऱ्या खेपेला प्रश्न यायच्या आधीच आपल्याला उत्तर पाठ झालेलं असतं आणि हसू कुठच्या कुठे गेलेलं असतं.

सगळे कलाकार गावातलेच. नंदिनी चिकटे या मुलीने सविता केलीय. काही बोलत नाही आणि तरी तिच्यावरून नजर हलत नाही.

तुम्ही अलीकडे काय पाहिलंत? नवं-जुनं कसंही चालेल. शेवट फोडणार असाल तर आधी तसं लिहा.

वरोरासाइड
मध्यंतर, आमच्या भागातला सिनेमा पाहिल्याबद्दल आभार हो!

एक सांगतो. सगळीकडे 'वऱ्हाडी भाषेतला सिनेमा' म्हणून लिहिलं जातंय. वऱ्हाडी अकोला-अमरावतीकडची, आमच्या चंद्रपूरकडची बोली निराळी. सिनेमावाल्यांना विदर्भातला माणूस म्हटला की एकच ठरलेला विनोदी हेल काढायची सवय. इथे तसं झालं नाही, कारण बोलणारे लोकच तिथले. माझ्या आईला एका शब्दालाही अडखळावं लागलं नाही.

आणि तो बाप! कापूस घरात पडून आहे, भाव पडलेत, आणि पाहुणे हुंड्याचा आकडा सांगून राहिले. त्याला खलनायक केलं नाही हे लय बरं केलं. आमच्याकडे कापसाच्या भावावर लग्नाची तारीख ठरते.

एकपडदा
मीही पाहिला. विषय चांगला, पण तोच प्रसंग पुन्हा पुन्हा. दोन वेळा दाखवून भागलं असतं. हल्लीच्या महोत्सवी चित्रपटांत दिग्दर्शक कॅमेरा स्टँडवर ठेवून चहाला जातो की काय अशी शंका येते. 'कोर्ट'चं तेच. सगळे गेल्यावरही कॅमेरा रिकाम्या खोलीकडे बघत बसलेला. बँकेतल्या सीसीटीव्हीचं फुटेज बघितल्यासारखं वाटलं.

आमच्या वेळी 'सामना' होता. 1975. समोर निळूभाऊ आणि डॉ. लागू. गंभीर सिनेमा, पण दर मिनिटाला काहीतरी घडतंय.

आत्याबाई
एकपडदाजी, चहाला जातो!! हसून हसून पुरेवाट.

मला जरा मदत हवी आहे. सासूबाई सध्या आमच्याकडे आहेत, ऐंशी पूर्ण. मालिका बघून स्वतःच कंटाळल्यात. सिनेमा लावू म्हटलं तर अटी तीन: रडारड नको, मारामारी नको, आणि 'ते तोंड लपवून बघायचे' सीन नकोत. तासाभराने झोप लागते, त्यामुळे मधूनच उठून बघितलं तरी कळला पाहिजे. सुचवा.

तिसरीघंटा
आत्याबाई, तुमच्याकडे येतेच. आधी एकपडदा यांच्याशी थोडं भांडते.

चैतन्य ताम्हाणेंच्या 'कोर्ट'ला 2014 मध्ये व्हेनिसला दोन पुरस्कार मिळाले, मग राष्ट्रीय पुरस्कारही. ते बाजूला ठेवा. त्यातली सरकारी वकील आठवा. गीतांजली कुलकर्णी. कोर्टात ती लोकशाहीर नारायण कांबळेवर कलमांमागून कलमं वाचत जाते, आवाजात चढउतार नाही. कोर्ट सुटल्यावर लोकलमध्ये शेजारणीशी साडीबद्दल बोलते, पाळणाघरातून मुलाला घेते, घरी येऊन कणीक मळते. सुट्टीच्या दिवशी घरच्यांबरोबर नाटकाला जाते. नाटक कसलं, तर परप्रांतीयाला घराबाहेर काढण्याचं, आणि प्रेक्षागृहात टाळ्या. कॅमेरा पुढे जाऊन तिचा चेहरा दाखवत नाही. दाखवला असता तर ती वाईट आहे की साधी, हे दिग्दर्शकाने ठरवून दिल्यासारखं झालं असतं. लांब उभा राहिल्यामुळे ती आपल्या नात्यातली कुणीतरी होते. माझी तर मावशीच आहे ती.

गटारात उतरून मेलेल्या कामगाराच्या बायकोची साक्ष आठवते? आत वायू आहे की नाही कसं कळायचं, तर आधी खडा टाकायचा आणि झुरळं बाहेर येतात का बघायचं. सुरक्षेची साधनं? नाहीत. ती हे बाजारभाव सांगावा तशा आवाजात सांगते. तिथे पार्श्वसंगीत घातलं असतं तर मी उठून गेले असते.

आता तुमची ती रिकामी खोली. (शेवट सांगतेय, न पाहिलेल्यांनी पुढच्या पोस्टकडे जावं.) उन्हाळी सुट्टी लागते, सगळे निघून जातात, शिपाई एकेक दिवा मालवत जातो, पडदा काळा होतो. आमच्या थिएटरात अर्धे लोक उठून चपला शोधायला लागले होते. आणि सिनेमा पुन्हा सुरू होतो! न्यायाधीश सदावर्ते सहलीला गेलेत. कुणाच्या तरी बोलायला अडचण असलेल्या मुलासाठी नाव बदलायचा आणि अंगठीचा सल्ला देतात. पुढे बागेतल्या बाकावर डुलकी घेतात, पोरं मोठ्याने ओरडून उठवतात, सगळी पळतात, आणि हाताला लागलेल्या एकाला फटका बसतो. त्याची चूक होती की नाही हे कोण बघतो! या माणसाच्या हातात नारायण कांबळेचा जामीन आहे. तो अंधार मधे नसता तर सहल पुरवणीसारखी वाटली असती.

आणि 'सामना' तुम्ही काढलातच म्हणून. तेंडुलकरांच्या पटकथेत सगळं गाव ज्याच्याबद्दल गप्प असतं तो मारुती कांबळे. इथे आरोपीच्या पिंजऱ्यात नारायण कांबळे. मधे जवळजवळ चाळीस वर्षं गेली. हे मुद्दाम केलं असेल किंवा नसेलही, पण मला तरी हे दोन सिनेमे वेगळे काढून बघता येत नाहीत.

एकपडदा
कांबळेंचा मुद्दा मान्य. या नजरेने पाहिलं नव्हतं. चहाचा मुद्दा मी मागे घेत नाही.

गोदाकाठ
'कोर्ट'मधले नारायण कांबळे म्हणजे नागपूरचे वीरा साथीदार, चळवळीतला माणूस. एप्रिल 2021 मध्ये करोनाने गेले. पोवाडे संभाजी भगतांचे. व्यावसायिक नट घेऊन ती धग आली नसती.

मी पुन्हा पाहिला तो 'गोदावरी'. निखिल महाजन. 2021 मध्ये इफ्फीत (गोव्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात) जितेंद्र जोशीला अभिनयाचा रौप्यमयूर, नंतर दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार. नाशिककर म्हणून थोडा जपून बघायला बसलो होतो, कारण आमच्या गावात कॅमेरा आला की तो रामकुंडावरची आरती टिपून परत जातो. पण इथला निशिकांत जुन्या वाड्यांची भाडी गोळा करत फिरतो आणि नदीवर चिडलेला असतो. गंगेवर (आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो) असा चिडलेला माणूस पडद्यावर पहिल्यांदा पाहिला. आम्ही दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं यावर पूर मोजणारी माणसं, नदीवर रागावण्याइतकं तिच्याशी नातं आहे हे आम्हाला पटतं.

मरणाची चाहूल लागलेल्या माणसाची गोष्ट आहे, पण विक्रम गोखले, नीना कुलकर्णी, संजय मोने घरात असल्यावर घर खरं वाटतं. जेवणाच्या वेळची शांतता बघा. पुरुष एकमेकांशी काहीच बोलत नाहीत आणि सगळं बोलून झालेलं असतं. उत्तरार्धात नदीच्या तत्त्वज्ञानाचे डोस थोडे जास्त झाले, एवढी तक्रार.

आत्याबाई
माझ्या सासूबाई…

काजूबोंडू
आत्याबाई, सासूबाईंका 'दशावतार' दाखवशात तर मारामारीची अट मोडता, म्हणान आधीच सांगतंय!

आता सगळ्यांसाठी नीट लिहितो. सप्टेंबर 2025 मध्ये आला, दिग्दर्शक सुबोध खानोलकर. दिलीप प्रभावळकर बाबुली मेस्त्रीच्या भूमिकेत. माणूस ऐंशी ओलांडलेला आणि पडद्यावर एकामागून एक सोंगं घेतोय. माझं अर्धं बालपण जत्रेतल्या देवळापुढे गोधडी पांघरून दशावतार बघण्यात गेलं, त्यामुळे माझं मत निष्पक्ष नाही.

जे जमलंय ते सांगतो. दशावतारी नटाला लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरलेलं, संवाद रंगमंचावर उभ्या उभ्या. रंगभूषा ज्याची त्याने करायची, समोर छोटा आरसा धरून. स्त्रीपात्रंही पुरुषच. रात्रभर नाटक, पहाटे दहीकाला, आणि दिवसा हाच राजा दुसऱ्याच्या बागेत मजुरीला. पूर्वार्धात हे सगळं आहे. नजर अधू झालेला म्हातारा तोंडाला रंग लावताना आरशाकडे बघतच नाही, बोटांनाच पाठ आहे. तो प्रसंग बघताना माझ्या शेजारचा अनोळखी माणूस पुटपुटला, 'आमचे आजोबा असेच.'

उत्तरार्ध सूडकथेवर जातो. खाणवाले, राजकारणी, जंगल, राखणदार (गावाचं रक्षण करणारा देव). आमच्याकडे खाणींचा प्रश्न खरा आहे, म्हणून राग आतून येतो, पण शेवटाकडे सिनेमा घाईत निकाल लावतो. ही सगळी 'कांतारा'ची नक्कल म्हणणाऱ्यांनी मात्र एकदा पेडणे-सावंतवाडीकडच्या जत्रेत येऊन बसावं. दशावतारातला संकासुर राक्षस आमच्याकडे सिनेमाच्या कितीतरी आधीपासून नाचतोय.

मध्यंतर
काजूबोंडू, उत्तरार्धाबद्दल सहमत. माझ्या मुलाला मात्र उत्तरार्धच आवडला. थिएटर भरलेलं होतं, आणि संध्याकाळचा खेळ मिळाला होता! गर्दी जमली की वेळा बरोब्बर सुधारतात.

पोपटीचौकट
'साबर बोंडं' कुणी पाहिला का? रोहन कानवडे. 2025 मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागात ज्युरीचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला आनंद आणि तिथला बालमित्र बाळ्या. दोन पुरुषांची प्रेमकथा आहे हे आधीच सांगते, म्हणजे पुढे 'धक्का बसला' अशा पोस्टी नकोत.

प्रेमाइतकीच मला त्यातली सुतकाची माहितगार नजर आवडली. घरभर नातेवाईक, प्रत्येकाचे वेगळे नियम, आणि सगळ्यांना पडलेला एकच प्रश्न: लग्न कधी. आई जाणून आहे. ती ज्या सहजपणे लोकांना थोपवते त्याला तोड नाही. पार्श्वसंगीत नाही, त्यामुळे गुरांचे, पावलांचे आवाज ऐकू येतात.

एकपडदा
पुन्हा स्टँडवरचा कॅमेरा असेल.

पोपटीचौकट
आहे. आणि तरीही बघा, काका. तुम्हाला ती आई आवडेल.

डब्लिनकर
आमच्याकडे मराठी सिनेमा थिएटरला लागलाच तर मंडळ एखादा रविवार सकाळचा खेळ ठरवतं, तिथे सगळे आधी एकमेकांना भेटायला येतात, सिनेमा नंतर. मुलं इथेच वाढलेली, त्यांना सबटायटल लागतात. 'एलिझाबेथ एकादशी' दाखवला (2014, परेश मोकाशी). पंढरपूर, वारी, काहीच माहीत नसताना पोरांना सगळं कळलं: वडिलांनी बनवलेली सायकल आईला विकावी लागणार, आणि ती वाचवायला ज्ञानेश आणि झेंडू एकादशीच्या गर्दीत बांगड्यांचं दुकान मांडतात. 'आपण गरीब आहोत' असं हा सिनेमा एकदाही गळा काढून सांगत नाही. पोरं हिशेब करतात, थापा मारतात, भांडतात.

आत्याबाई, हा सासूबाईंना चालेल बघा. पंढरपूर बघून खूश होतील.

आत्याबाई
धन्यवाद!! कुणीतरी ऐकलं. यादीत टाकला.

तिसरीघंटा
आत्याबाई, आता तुमचीच यादी. 'वळू' (2008). उमेश कुलकर्णी. देवाला सोडलेला बैल, गावातल्या प्रत्येक नुकसानाचं खापर त्याच्यावर, आणि त्याला पकडायला आलेला फॉरेस्टचा साहेब. मधे तासभर झोपल्या तरी बैल सापडलेला नसतोच. त्यानंतर 'हरिश्चंद्राची फॅक्टरी', फाळक्यांची गोष्ट. नंदू माधव इतका मजेत फाळके करतात की घरातली भांडीकुंडी विकली जातानाही तुम्ही हसत असता. 'मुरांबा' चालेल, सचिन खेडेकर आणि चिन्मयी सुमीत यांच्यासाठी.

आणि अट मोडून एक सुचवू का? 'अस्तु'.

आत्याबाई
तो विस्मरणाचा ना? नको गं. त्यांच्या बहिणीला तेच होतं.

खिडकीपाशी
इथे फक्त वाचत असते, पण 'अस्तु'चं नाव निघालं म्हणून लिहिते. माझ्या वडिलांना हा आजार होता. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा हा सिनेमा मला डॉक्टरांच्या माहितीपत्रकांपेक्षा जास्त उपयोगी पडला.

डॉ. मोहन आगाशे त्यात संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक आहेत. (ते स्वतः मनोविकारतज्ज्ञ, ते दिसतं.) मुलगी त्यांना गाडीत बसवून कामाला जाते, रस्त्यावरून हत्ती जातो, आणि शास्त्रीबुवा उतरून लहान मुलासारखे त्याच्यामागे चालू लागतात. एकीकडे मुलगी शहरभर शोधतेय, भांडतेय, अपराधी वाटून घेतेय. दुसरीकडे माहुताची बायको चन्नम्मा, तिची भाषा कानडी, घरात आधीच खायची चणचण, त्यात हा कुणाचा कोण म्हातारा. ती त्याला मूल समजून भरवते, धुते. तो कोण होता हे तिला माहीतच नाही, म्हणून त्याचं काय हरवलं याचं तिला दुःख नाही. आम्ही घरात सतत 'बाबा, आठवतंय का? मी कोण सांगा' असं परीक्षा घेतल्यासारखं विचारायचो. सिनेमा पाहिल्यावर ते बंद केलं. बाबांची चिडचिड निम्म्याने कमी झाली.

अमृता सुभाषला चन्नम्मासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आत्याबाई, सासूबाईंना नका दाखवू, तुम्ही बघा.

वरोरासाइड
खिडकीपाशी, लिहीत जा हो इथे.

भावेबाईंचा 'दिठी' पण आहे. सोनी लिव्हवर मे 2021 मध्ये आला, बाई त्याच्या महिनाभर आधी गेल्या. दि. बा. मोकाशींच्या कथेवर. तरुण पोरगा पुरात गेलेला लोहार, किशोर कदम, आणि पावसाच्या रात्री अडलेली गाय. वारकरी असून विठ्ठलावर चिडलेला. गोदाकाठ, तुमच्या निशिकांतचा भाऊ शोभेल.

गोदाकाठ
शोभेल खरा! आज रात्री लावतो.

मध्यंतर
हलकंफुलकं काही? की आपण सगळे आता सुतकातच बसायचं?

पोपटीचौकट
'वाळवी'. जानेवारी 2023, पुन्हा परेश मोकाशी. खुनाचा आखीव बेत आणि त्याची पार वाट. सुबोध भावेने केलेला दातांचा डॉक्टर बघून मी दोन महिने दाढदुखी अंगावर काढली. गाणी नाहीत, दोन तासांच्या आत संपतो. गोष्ट आधी अजिबात वाचू नका.

'घरत गणपती'पण पाहिला. दिग्दर्शक नवज्योत बांदिवडेकरला 2024 च्या इफ्फीत पदार्पणाचा पुरस्कार मिळाला. दिसायला देखणा, अश्विनी भावे छान, पण कोकणातल्या घरात गणपतीत इतके इस्त्रीचे कपडे कोण घालून वावरतं?

काजूबोंडू
आमच्याकडे गणपतीत निम्मे पुरुष माटोळी (गणपतीवरची फळापानांची सजावट) बांधण्यात आणि निम्मे मोदकांचा नारळ खवण्यात. इस्त्री कसली!

आत्याबाई
अहवाल देते. 'वळू' लावला. सासूबाई झोपल्या नाहीत!! गावातली माणसं कॅमेऱ्यासमोर बैलाबद्दल जे रंगवून सांगतात, त्यावर प्रत्येक वेळी 'हा खोटारडा' असं ओळखत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, 'मुका जीव, त्याच्या नावावर सगळ्यांनी आपली पापं खपवली.' आता म्हणतात गाण्याचं काहीतरी लाव. त्या नाट्यसंगीतवाल्या, तरुणपणी दारव्हेकरांचं 'कट्यार काळजात घुसली' रंगमंचावर पाहिलेल्या. सिनेमा लावला तर तुलना करून माझं डोकं खातील का?

एकपडदा
नक्की खातील. मूळ नाटक 1967 चं, वसंतराव देशपांड्यांचे खाँसाहेब ज्यांनी प्रत्यक्ष ऐकलेत त्यांच्यापुढे 2015 चा चित्रपट लावायचा म्हणजे धाडस आहे. त्यापेक्षा 'मी वसंतराव' लावा. निपुण धर्माधिकारी. नातू राहुल देशपांडे स्वतः आजोबा झालाय आणि गातोय, या गायनासाठी त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. लांब आहे, तीन तासांच्या घरात, पण कॅमेरा चहाला जात नाही.

तिसरीघंटा
गाण्याचाच म्हणाल तर 'द डिसायपल' नेटफ्लिक्सवर आहे. गुरूसारखं गाता यावं म्हणून आयुष्य घालवलेला आणि तेवढा गळा नसलेला शरद. आदित्य मोडक खरा गाणारा, गुरुजी झालेले अरुण द्रविडही गायकच, आणि ध्वनिफितीवरच्या माईंचा आवाज सुमित्रा भाव्यांचा. पण आत्याबाई, तो तुम्हाला नाही. तो एकपडदांना.

एकपडदा
किती वेळाचा आहे?

तिसरीघंटा
दोन तासांहून थोडा जास्त. चहा आधीच करून ठेवा.